लेखकसाहेबांचा कीबोर्ड

मी कीबोर्ड. आजवर माझ्यातून जे निघालं ते सगळं दुसऱ्यांचं होतं, त्यामुळे स्वतःचं सांगताना थोडा अडखळेन. सांभाळून घ्या. मोठमोठे लेखकही अडखळतात म्हणे. माझा पहिला मालक तर दोन वर्षं एकाच ठिकाणी अडखळला होता, आणि तरीही लोक त्याला साहेब म्हणत.

माझा जन्म कारखान्यातला. डावीकडे व्यंजनं, उजवीकडे स्वर, असा आम्हा कोरियन कीबोर्डांचा संसार असतो. दोघांनी हात मिळवला की अक्षर होतं. शेवटच्या टेबलावर एक बाई बसलेल्या होत्या. त्यांनी माझी एकूण एक बटणं ओळीनं दाबून पाहिली. पडद्यावर अक्षरांची एक निरर्थक रांग उमटली. बाईंनी ती वाचली नाही, नुसती मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. इतकं झटपट पसंत पडलेलं लिखाण माझ्या हातून पुन्हा कधी झालं नाही.

मला विकत घेतलं वू दो-ग्यू यानं. वय छत्तीस. देगू शहरातल्या एका विमा कचेरीत नऊ वर्षं काढून, आता स्वतंत्र लेखक व्हायचं म्हणून त्यानं राजीनामा दिला होता. कचेरीतल्या लोकांनी केक कापून त्याला निरोप दिला आणि पुस्तक आलं की सही करून द्या म्हणाले. घरी मात्र त्यानं थोडे दिवस सुट्टी घेतोय, एवढंच सांगितलं. ही सुट्टी फार थोर निघाली.

राजीनाम्यानंतर दो-ग्यूनं लगेच लिहायला घेतलं असेल असं तुम्हाला वाटेल. छे. त्यानं तयारी घेतली. कपडे दुरुस्तीच्या एका दुकानावरची खोली भाड्यानं घेतली. टेबल खिडकीकडे तोंड करून लावलं. मग ऊन येतं म्हणून भिंतीकडे केलं. भिंत बघून सुचत नाही म्हणून पुन्हा खिडकीकडे. पाठीला आधार देणारी खुर्ची आणली. कॉफीची पूड तोलायला काटा आणला. फोनला कुलूप लावणारं ॲप घेतलं, आणि ते कुलूप उघडायची सवय लागली तेव्हा त्या ॲपला कुलूप लावणारं दुसरं ॲप घेतलं. मला निवडण्याआधी तर महिनाभर तो निरनिराळ्या कीबोर्डांचे आवाज ऐकत होता. माझा आवाज लाकडी पाटावर गारगोट्या ओतल्यासारखा येतो, असं कोणीतरी लिहिलं होतं. त्यावर तो भाळला. माझ्यातून शब्दही निघू शकतात, ही गोष्ट त्या महिन्याभरात कोणाच्या बोलण्यात आली नाही.

शेवटी एका सोमवारी त्यानं कादंबरीचं पहिलं वाक्य लिहिलं. 'त्या दिवशी स्टेशनवर कोणीच उतरलं नाही.'

वाक्य वाईट नव्हतं. मी आपला दुसऱ्याची वाट बघत बसलो. दुपारी त्यानं 'कोणीच'चं 'कोणीही' केलं. मंगळवारी 'कोणीही'चं पुन्हा 'कोणीच'. बुधवारी 'त्या दिवशी' खोडून 'त्या सकाळी'. शुक्रवारपर्यंत स्टेशनच गेलं आणि बस थांबा आला. असं ते वाक्य दोनशे चौदा वेळा बदललं गेलं. मी मोजलं, कारण मला दुसरं काम नव्हतं. सहा महिन्यांत माझ्या खोडायच्या बटणावरचं नाव पुसट झालं. बाकीची बटणं नव्या नवरीसारखी कोरी.

सातव्या महिन्यात चमत्कार झाला. एका दुपारी दो-ग्यू वैतागून बसला आणि त्यानं 'पहिलं वाक्य कसं लिहावं: सात युक्त्या' असा एक लेख चाळीस मिनिटांत सरळ लिहून काढला. मला तर धाप लागली. त्यानं तो इंटरनेटवर टाकला आणि संध्याकाळपर्यंत शेकडो लोकांनी वाचला. न लिहिता बसलेले लोक या जगात किती आहेत, हे त्या दिवशी आम्हा दोघांना कळलं.

मग काय, झरा फुटला. 'लिहिण्याची जागा कशी असावी.' 'अडलेलं लिखाण सुरू करण्याचे नऊ उपाय.' 'प्रेरणेची वाट पाहू नका.' दर मंगळवारी तीन हजार वाचकांना त्याचं पत्र जाऊ लागलं. लोक त्याला लेखकसाहेब म्हणू लागले. आमच्याकडे चार ओळी लिहिणाऱ्याला मान मिळतो, आणि लिहायचं कसं हे सांगणाऱ्याला त्याच्या दुप्पट.

गंमत म्हणजे त्याचे सल्ले खरे होते. 'रोज ठरल्या वेळी लिहायला बसा' हे त्यानं बारा वाजता अंथरुणातून उठून लिहिलं, म्हणून ते खोटं ठरत नाही. 'किती जणांनी वाचलं हे सारखं बघू नका' हे लिहिताना तीन वेळा त्यानं किती जणांनी वाचलं ते बघितलं. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ असायची: 'माझी कादंबरी अखेरच्या टप्प्यात आहे.' पहिल्या वाक्याचा अखेरचा टप्पा, असं धरलं तर यातही खोटं काही नव्हतं.

खालच्या दुकानाच्या मालकीण प्यो इम-सुन. वय एकसष्ट. पँट आखूड करणं, चेन बदलणं, ढगळ झालेलं अंगाबरोबर करणं, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. सगळं गिऱ्हाईक त्यांना मावशी म्हणतं. एकदा दो-ग्यूची पँट द्यायला त्या वर आल्या आणि दारातच थबकल्या. त्यांच्या भाचीनं त्यांच्या फोनवर मंगळवारचं पत्र सुरू करून दिलं होतं, आणि त्या पत्राखालचं नाव आणि पँटेच्या चिठ्ठीवरचं नाव एकच आहे हे त्यांना नुकतंच उमगलं होतं.

"लेखकसाहेब, म्हणजे ते तुम्ही," त्या म्हणाल्या. "आणि मी तुमच्या पँटेला साधा दोरा वापरला."

मग त्यांनी चाचरत विचारलं की माझ्यासारख्या बाईला लिहिता येईल का. दो-ग्यूनं नेहमीचं उत्तर दिलं: जे फक्त तुम्हालाच माहीत आहे ते लिहा. असं तो आठवड्यातून पंधरा जणांना सांगायचा. पंधराही जण वा म्हणायचे आणि कामाला लागायचे, म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी सल्ला वाचायला लागायचे.

मावशींची अडचण अशी की त्यांना सांगितलेलं खरं वाटायचं. डॉक्टरनं दिलेलं औषध घ्यावं तसे त्यांनी त्याचे सल्ले घेतले. ठरल्या वेळी बसा म्हटलंय, तर दुपारी दोन ते तीन दुकानात वर्दळ नसते ती वेळ त्यांनी ठरवली. रोज थोडं का होईना लिहा म्हटलंय, तर रोज फोनवर एका बोटानं थोडं का होईना लिहिलं. कोणाला तरी वाचून दाखवा म्हटलंय, तर दर शनिवारी वर येऊन दो-ग्यूला वाचून दाखवू लागल्या. हा शेवटचा सल्ला दिल्याचा त्याला पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला.

त्यांचं पहिलं लिखाण भयंकर होतं. 'मानवी जीवन हे वस्त्रासारखे असते' इथून ते सुरू व्हायचं आणि दीड पान मानवी जीवनच चालायचं. गिऱ्हाईक दुसऱ्या पानावर यायचं. पण इथे मला दो-ग्यूबद्दल एक चांगली गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर माझ्या तोंडून अन्याय होईल. तो शनिवारी तास तास बसायचा. न कंटाळता. एकदा मावशींनी एका तरुण गिऱ्हाइकाबद्दल लिहिलं होतं की तो 'अंतरीच्या वेदनेने व्याकूळ' होता.

"मावशी, हे जाऊ दे. तो बोलला काय ते सांगा."

"काय बोलणार? म्हणाला, जाकिटाचा खिसा शिवून टाका. सिगारेटसाठी हात जातो."

"मग तेवढंच लिहा की."

मग चष्मा लावून त्यांनी दीड पान खोडलं. पुढच्या शनिवारी त्या जे घेऊन आल्या त्यात वस्त्रही नव्हतं आणि मानवी जीवनही नव्हतं. एक खिसा होता आणि एक हात होता. दो-ग्यू ऐकून गप्प बसला. दुसऱ्याचं चांगलं ऐकून माणूस गप्प बसतो तेव्हा दोन कारणं असतात. त्या दिवशी मला वाटतं चांगलं कारण होतं.

शरद सरता सरता मावशींनी कोटाची गोष्ट लिहिली. त्यांचं एक जुनं गिऱ्हाईक, माल-सुक आजी, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. नवरा वारला तेव्हा त्याचा लोकरी कोट घेऊन त्या दुकानात आल्या आणि माझ्या मापाचा करून द्या म्हणाल्या. मावशी मापं घेत असताना आजी त्या ढगळ कोटात उभ्या राहून बोलत होत्या. चाळीस वर्षं नवऱ्याच्या समोर उभं राहून या कोटाची बटणं त्यांनीच लावली. समोरून लावताना ती त्यांच्या डाव्या हाताला यायची. आता कोट स्वतःच्या अंगावर आला, तर बटणं उजवीकडे गेली. ती डावीकडे घ्या. मग नवऱ्याला त्यांनी मनसोक्त शिव्या दिल्या. जन्मभर बस चालवली आणि स्वतःच्या कोटाला बटण लावायचा कंटाळा. आळशी मेला, म्हणाल्या. आणि थंडी पडायच्या आत कोट तयार हवा असं बजावून निघून गेल्या. गोष्ट तिथेच संपत होती.

ती पाठवताना मावशींनी खाली लिहिलं होतं: 'लेखकसाहेब, हे तुम्ही वाचून सांगा, पण कुठे देऊ नका. आजींना अजून विचारलेलं नाही.'

दो-ग्यूनं ती दोनदा वाचली. उठला, घासलेलाच कप पुन्हा घासला आणि परत येऊन तिसऱ्यांदा वाचली.

आता तो दिवस होता सोमवार. एका वाचकानं मागच्या आठवड्यात उघड विचारलं होतं की साहेब, कादंबरीबद्दल दोन वर्षं ऐकतोय, एखादा उतारा तरी दाखवा. आणि साहेबांनी भरात येऊन पुढच्या मंगळवारी दाखवतो असं कबूल केलं होतं. दाखवायला एक वाक्य होतं, आणि तेही पक्कं नव्हतं.

दुपारी तीनच्या सुमाराला त्यानं फोन माझ्यासमोर टेकवून उभा केला आणि त्यातलं बघून लिहायला सुरुवात केली. बस चालवणाऱ्याचा स्टेशनमास्तर केला. देगूचं नाव काढलं. बटणं तशीच ठेवली, कारण चोरालाही मौल्यवान काय ते कळतं. आणि शेवटी त्यानं स्वतःची म्हणून एक भर घातली: म्हाताऱ्या बाईनं कोट छातीशी कवटाळला, ती हुंदके देऊन रडली आणि एक अश्रू बटणावर मोत्यासारखा चमकला.

माझाही गुन्हा कबूल करतो. आमच्या जातीत एखादं बटण अधूनमधून अडकतं. त्या दुपारी माझं एखादं अडकायला हवं होतं. नाही अडकलं. मी चांगल्या प्रतीचा होतो ना.

बुधवारपर्यंत कौतुकाचा पूर आला. लेखकसाहेब, डोळ्यांत पाणी आलं. लेखकसाहेब, वाट पाहिल्याचं सार्थक झालं. तो मोत्यासारखा अश्रू तर पुष्कळांना आवडला. दो-ग्यू ते एकेक वाचत होता. शेजारी आणून ठेवलेला भाताचा किंबाप तसाच सुकत पडला होता.

गुरुवारी सकाळी दार वाजलं. मावशी होत्या, आणि त्यांच्या मागे, अंगाबरोबर केलेला लोकरी कोट घालून, बटणं डावीकडे, एक चिमुकली म्हातारी. आजींच्या सुनेनं नाश्त्याला मंगळवारचं पत्र मोठ्यानं वाचलं होतं. ऐका हो आई, अगदी तुमच्यासारखीच कोणीतरी आहे, म्हणाली होती.

दो-ग्यू उभा राहिला. आजी सरळ येऊन त्याच्या त्या पाठीला आधार देणाऱ्या खुर्चीत बसल्या. त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

"मी रडले असं तुम्ही लिहिलंत?" त्यांनी विचारलं.

दो-ग्यूच्या तोंडून हो निघालं, पण ते मलाही जेमतेम ऐकू आलं.

"इम-सुन, मी रडले का गं तुझ्या दुकानात?"

"नाही, आजी."

"नाही ना." आजी दो-ग्यूकडे वळल्या. "हे गेले तेव्हा सगळे मला सांगत होते, रडा, मोकळ्या व्हा. मुलगा, सून, शेजारीपाजारी. मला काही रडू येईना. मला वाटलं, मी दगड आहे. मग हिच्या दुकानात कोट घालून उभी राहिले आणि त्यांना चार शिव्या दिल्या. त्या दिवसापासून मला जेवण जायला लागलं. तुम्ही माझ्या शिव्या काढल्यात आणि तिथे रडणं घातलंत."

सात युक्त्या आणि नऊ उपाय पाठ असलेल्या माणसाला तिथे एकही आठवला नाही.

"वाईट बाई करा मला हवी तर," आजी म्हणाल्या. "रडकी करू नका."

मग मावशी बोलल्या. रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी तुम्हाला वाचायला दिलं होतं, लेखकसाहेब."

"आणि तू," आजी त्यांच्याकडे बोट करून म्हणाल्या, "तू माझ्यावर लिहितेस हे मला सांगायला काय झालं होतं? मी कोट द्यायला आले होते. मला वाटलं, तू मापं घेतेयस."

मावशींनी मान खाली घातली. हे त्यांना लागलं, कारण ते खरं होतं. तीस वर्षं लोक त्यांच्यासमोर हात वर करून उभे राहून बोलत आले होते, ते ही बाई सुई-दोऱ्यापलीकडे काही ठेवून घेत नाही या भरवशावर.

तीन हजार लोकांना खरं कळलं पाहिजे, असं आजींचं म्हणणं पडलं, आणि ते कळवल्याशिवाय मी या खुर्चीतून उठणार नाही असंही त्यांनी सांगितलं. खुर्ची चांगलीच आहे म्हणाल्या. दो-ग्यूनं स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं आणि तो माझ्यासमोर बसला. मावशी चष्मा लावून त्याच्या खांद्यामागे उभ्या राहिल्या.

त्यानं लिहिलं: 'एका चुकीनं मला शिकवलेले पाच धडे.'

मावशींनी ते मोठ्यानं वाचलं. "धडे कोणाला?" त्यांनी विचारलं. खरंच माहीत नव्हतं म्हणून विचारलं.

दो-ग्यूनं ते खोडलं. मग लिहिलं: 'सर्जनाच्या प्रवासात प्रेरणा आणि अनुकरण यांतली सीमारेषा कधीकधी धूसर होते.'

"म्हणजे काय?" खुर्चीतून आजी म्हणाल्या.

दो-ग्यूची बोटं माझ्यावर तशीच होती. "म्हणजे, चोरलं," तो म्हणाला.

"मग तो शब्द लहान आहे की. तोच घाला."

त्यानं तेही खोडलं. त्यानंतर जे लिहिलं त्याला पाच मिनिटं लागली. त्यात त्यानं एकही शब्द बदलला नाही, म्हणून ते मला अजून तोंडपाठ आहे.

'मंगळवारी मी माझा म्हणून जो उतारा पाठवला तो माझा नाही. तो प्यो इम-सुन यांचा आहे. त्यांचं खाली कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी तो मला वाचायला दिला होता आणि कुठे देऊ नका असं सांगितलं होतं. मी तो चोरला. शेवट मी बदलला, तो खोटा आहे. कोटातल्या बाई रडल्या नाहीत. माझी कादंबरी अखेरच्या टप्प्यात नाही. माझ्याकडे फक्त एक वाक्य आहे.'

शेवटच्या दोन ओळी त्याला कोणी लिहायला सांगितल्या नव्हत्या. आजींनी पत्र दोनदा वाचून घेतलं, शिव्यांबद्दल काहीच नाही अशी कुरकुर केली आणि उठल्या. जाताना कोटाची बटणं त्यांनी वरपासून खालपर्यंत सावकाश लावली. तेवढा वेळ दो-ग्यू दार धरून उभा होता.

आता तुम्ही म्हणाल, सत्याचा विजय झाला असेल. झाला तर. अर्धे वाचक दोन दिवसांत गेले. काहींनी त्याला जे लिहिलं ते मी इथे सांगत नाही. आजींना मात्र आवडलं असतं. सात-आठ जणांनी विचारलं की साहेब, माफीचं पत्र इतकं परिणामकारक कसं लिहावं यावर मार्गदर्शन कराल का. एका संस्थेनं तर लेखकाचा प्रामाणिकपणा या विषयावर त्याला व्याख्यानाला बोलावलं. ते निमंत्रण दो-ग्यूनं दिवसभर पडद्यावर उघडं ठेवलं. माणसाचा स्वभाव एका गुरुवारात जात नाही. पण संध्याकाळी त्यानं नको म्हणून कळवलं, आणि मंगळवारचं पत्र बंद केलं.

खालचं नुकसान मोठं होतं. माल-सुक आजी दुकानात यायच्या थांबल्या. मावशींनी लिहिणं सोडलं. दोन ते तीन त्या नुसत्या बसून रस्त्याकडे बघत, असं दो-ग्यू फोनवर कोणाला तरी सांगताना मी ऐकलं. आपण काय घेतलं ते आता कळतंय, असंही तो म्हणाला.

थंडी ओसरली तेव्हा आजी एका स्कर्टची चेन बदलायला आल्या. चेन तर सुनेनंही बदलून आणली असती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, ते कोटाचं तू काय लिहिलंयस ते वाच बघू. मावशींनी वाचलं. आजींनी दोन चुका काढल्या: बस दुसऱ्या मार्गाची होती, आणि 'आळशी मेला' एकदा नव्हे तर दोनदा म्हटलं होतं. मग माझं नाव बदलून छाप कुठे छापायचं तिथे, असं म्हणून त्यांनी नवं नावही स्वतःच निवडलं. माल-सुक हे तेच. खरं मलाही माहीत नाही.

तेव्हापासून मावशींचा एक नियम आहे, आणि तो कोणाच्या युक्त्यांच्या यादीत मी वाचलेला नाही: ज्याचा कपडा, त्याला आधी वाचून दाखवायचं. नको म्हणाला तर ठेवून द्यायचं. आतापर्यंत सहा जण नको म्हणाले. ती सहा त्यांची सगळ्यात चांगली आहेत, असं माझं मत आहे. पण ती तुम्हाला कधी वाचायला मिळणार नाहीत.

वसंतात दो-ग्यूनं खोली सोडली. मला त्यानं खाली आणलं. मावशींनी फुकट घ्यायला साफ नकार दिला आणि त्याच्या दोन पँटा आखूड करून दिल्या. त्यांतली एक आखूड करायची गरज नव्हती. दो-ग्यूला पुन्हा नोकरी लागली आहे, भाताचे कुकर बनवणाऱ्या एका कंपनीत. कुकरबरोबर येणारं माहितीपत्रक तो लिहितो. 'वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकण उघडू नये.' त्याचे सल्ले आता लोक खरोखर पाळतात, आणि न पाळणाऱ्याला ताबडतोब कळतं. इतका यशस्वी मार्गदर्शक तो पूर्वी कधीच नव्हता.

मी आता मावशींच्या कापायच्या टेबलावर असतो. माझ्या फटींत दोऱ्याची टोकं आणि खडूची पूड आहे. पाठीला आधार, कॉफीचा काटा, फोनचं कुलूप असं काही नाही. शेजारी टाचण्यांची उशी आहे. दोन वाजले की त्या दोन बोटांनी मला बडवतात. आवाज गारगोट्यांसारखा येतो का, हे आजवर कोणी विचारलेलं नाही. दर गुरुवारी त्यांचं एक छोटं लिखाण जातं. वाचक थोडे आहेत. बरेचसे गल्लीतलेच, आणि ते आपली पँट त्यात आली का ते बघायला वाचतात.

गेल्या गुरुवारी दो-ग्यू आला. हातात पेन्सिलीनं लिहिलेले चार कागद. एका विमा कचेरीबद्दल आहे म्हणाला. मावशी शिवणयंत्रावर होत्या. हं, वाचा, म्हणाल्या आणि यंत्र चालूच ठेवलं. गिऱ्हाईक असो, भाची असो, यंत्र त्या कोणासाठी थांबवत नाहीत. तो त्या घरघरीवर आवाज चढवून वाचू लागला. पहिलं पान गेलं, दुसरं गेलं, पँटेचा एक पाय पुरा झाला. तिसऱ्या पानावर एक कारकून येतो. मेलेल्या माणसाच्या विम्याच्या अर्जावर नाव लिहिताना तो चुकून स्वतःचं नाव लिहितो आणि तसाच बघत बसतो. तिथे यंत्र थांबलं.

दो-ग्यूही थांबला. त्याला वाटलं दोरा तुटला.

"इथून सुरू करा," मावशी म्हणाल्या. "वरचं सगळं काढा."

त्यानं वरची दोन पानं बाजूला काढली. मग त्याची नजर टेबलावर माझ्याकडे आली. "मावशी, हा जरा देता? आत्ता सुचतंय तोवर."

मावशींनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. दोनला पाच कमी होते. "नाही देत," त्या म्हणाल्या. "माझी वेळ आहे. तुम्ही पेन्सिलीनं लिहा, बरं चाललंय."

तो हसला, आणि इस्त्रीच्या टेबलाच्या कोपऱ्यावर कागद ठेवून वाकून लिहायला लागला.

मंडळी, तुमच्याही घरी माझा कोणी भाऊबंद असेल. त्याला दर रविवारी फडक्यानं पुसत असाल, त्याच्या जागेबद्दल, उजेडाबद्दल, आवाजाबद्दल चार ठिकाणी वाचत असाल. त्याच्या वतीनं एवढंच मागतो की त्याला पुसण्यापेक्षा मळवा. आणि जे लिहाल ते ज्याचं आहे त्याला आधी वाचून दाखवा. तो दोन चुका काढेल. निघतो आता. मावशींनी चष्मा लावलाय.